सुटेल तोच मासा मोजायचा

आमच्या गळवाल्यांच्या मंडळातले किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. गळ पाण्यात पडला की बोलायचं नाही, बोललं की मासा बिचकतो, असं इथं सगळ्यांचं पक्कं मत आहे. त्यामुळं दिवसभर तोंडात अडवलेलं सगळं परतीच्या जीपमध्ये बाहेर पडतं. तलावापासून सेलूपर्यंतचा रस्ता असा आहे की एक किस्सा संपून दुसरा सुरू व्हायला भरपूर वेळ मिळतो.

मी सेलूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. स्वतः गळ टाकत नाही. मंडळात मी पंच आहे, म्हणजे शिट्टी, मोजपट्टी आणि बोलणी या तिन्ही गोष्टी माझ्या वाट्याला. स्पर्धा वर्षातून एकदा भरते, सेलू आणि जिंतूरच्या मधल्या एका तलावावर. एरवी रविवारी मंडळी तिथंच नुसती गळ टाकायला जातात. गळवाले हाताएवढा मासा कोपराएवढा करून सांगतात असा लोकांचा समज असतो. आमच्याकडं ती सोय नाही. दाखवायला मासाच उरत नाही. तो का उरत नाही, हे कळायला मी पाहिलेल्या पहिल्या स्पर्धेपासून सुरुवात करायला हवी.

* * *

ती स्पर्धा भर उन्हाळ्यात होती. नियम एकच. दिवसभर धरलेले मासे जिवंत ठेवायचे, संध्याकाळी सगळ्यांचं वजन करायचं, ज्याचं वजन जास्त त्याला ढाल. मासे ठेवायला काठावर निळे ड्रम मांडले होते. दुपारी मी एका ड्रममध्ये हात घातला तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं गरम. रोहू वर येऊन तोंडं उघडत होते. मी म्हटलं, "यांना हवा मिळत नाहीये." शेजारचा माणूस म्हणाला, "उघड्यावरच तर हायेत की."

संध्याकाळी वजनं झाली, फोटो झाले आणि टाळ्यांच्या गजरात मासे पाण्यात सोडले. कुणीतरी माइकवरून म्हणालं, आम्ही जीव घेत नाही.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई जिंतूरला सलीमभाईंच्या दुकानात आल्या. कौसाबाई म्हणजे मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षा. तलावाचा ठेका त्यांच्या संस्थेकडं आहे, दरवर्षी त्यात बोटाएवढी पिल्लं तेच लोक सोडतात. सलीमभाई म्हणजे आमचे सेक्रेटरी. पंक्चर काढता काढता गळ, गळाला बांधायची नायलॉनची दोरी म्हणजे तंगूस, आणि काठ्याही विकतात. कौसाबाईंनी दुकानाच्या पायरीवर दोन टोपल्या उतरवल्या. वरचा ओला बारदाना काढला. आत मेलेले मासे होते, फुगलेले.

"काल तुमी हे इसरून गेलते," त्या म्हणाल्या. "घेऊन आले."

सलीमभाईंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

* * *

त्यानंतरच्या बैठकीला मला बोलावलं, कारण मंडळात मासा आतून कसा असतो हे शिकलेलं कुणी नव्हतं. मी नियम तयार करून नेले होते. ड्रम बंद. वजन बंद. मासा ओल्या पट्टीवर ठेवून लांबी मोजायची, लगेच पाण्यात न्यायचा, दोन्ही हातांत धरून उभं राहायचं. तो आपल्या बळानं हातातून निघून गेला तर गुण. नाही गेला, उलटा झाला, तर गुण कापायचे. हात कोरडा असला तरी कापायचे, कारण कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग कातडीला बुरशी लागते.

पोखर्णीचे मारोती गव्हाणे मागच्या भिंतीला टेकून ऐकत होते. शेती आहे, शेळ्या-मेंढ्या आहेत, आणि मंडळाची ढाल बहुतेक वर्षी त्यांच्याच घरी असते.

"मॅडम," ते म्हणाले, "मी बोकड बाजारात न्यावा, त्यानं दावं तोडून पळून जावं, आन् तुमी मला म्हणावं, वा गव्हाणे, पहिला नंबर. असंच ना?"

"असंच," मी म्हटलं.

"मग खायाचं काय?"

"घरून डबा आणा."

सगळे हसले, गव्हाणे हसले नाहीत. पण कौसाबाईंनी निरोप धाडला होता की नियम नसेल तर पाण्याला हात लावायचा नाही. त्यामुळं नियम पास झाला. त्या वर्षी गव्हाणे खरोखर घरून डबा घेऊन आले. माझ्यासमोर बसून, माझ्याकडं बघत, तळलेल्या माशाचा एकेक काटा बाजूला काढून जेवले.

* * *

नियम बदलल्यावर आप्पा आले.

मन्मथआप्पांचं सेलूत कापडाचं दुकान आहे. शिवभक्त घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अंडंसुद्धा येत नाही. लहानपणी मामाच्या गावी ओढ्यावर गळ टाकायला शिकले आणि तो नाद गेलाच नाही. पण मासा मरतो म्हणून मोठेपणी सोडून दिलेला. बाजाराला जाताना नुसता तलाव दिसला तरी जीपच्या खिडकीतून मान वळवून बघत राहायचे, असं त्यांचा मुलगा सांगतो.

माझ्याकडं आले ते थेट कॉलेजात. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले.

"पोरी, मासा सोडल्यावर जगतो असा तुझा नियम हाय म्हणे."

"नीट सोडला तर जगतो, आप्पा."

"मी खात न्हाई. मारत न्हाई. मला नुसती त्याची ओढ हाताला लागली पायजे. ती गोष्ट सांगून कळायची न्हाई." मग बोट वर केलं. "पण एक हाय. माझ्या हातून एक जरी मेला, तर त्या दिवशी काठी ठेवली. परत पाण्याकडं यायाचो न्हाई."

मी तेव्हा घाईत होते, तास होता. "नाही मरायचा," एवढं म्हणून वर्गाकडं निघाले.

पहिल्याच वर्षी आप्पांनी गव्हाणेंकडून ढाल नेली. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी विचारलं, कशाची ढाल? आप्पा म्हणाले, "सोडून दिल्याची."

* * *

उलट्या काट्याचा वाद वर्षभर चालला. गळाच्या टोकाला आत एक बारीक उलटा काटा असतो. त्यामुळं मासा सुटत नाही, आणि काढताना त्याचा ओठ फाटतो. माझं म्हणणं, तो काटा नको. गव्हाणेंचं म्हणणं, मग गळ कशाला, सरळ हाक मारूया.

शेवटी सलीमभाईंनी स्वतःच पक्कड घेतली आणि दुकानातल्या सगळ्या गळांचे काटे दाबून सपाट करायला बसले. येणारा-जाणारा विचारायचा, भाई, नवाच माल बिघडवायलात का?

"मॅडमचं म्हणणं आहे," सलीमभाई सांगायचे. "माशाला परत जाताना त्रास नको."

"आन् तुमाला?"

"मला तर नुकसानच आहे. पण ते कौसाबाईचे दोन टोकरे माझ्या पायरीवरून अजून उठलेच नाहीत, भाई. सकाळी शटर वर करतो, वास येतो."

पायरी त्यांनी दर आठवड्याला फिनेलनं धुतली होती. दोन वर्षं होऊन गेली होती.

* * *

फोटोचा नियम सगळ्यांत जास्त मोडला जायचा. मासा पाण्याबाहेर किती वेळ धरायचा, हे घड्याळ लावून सांगून उपयोग नव्हता. ज्याच्या हातात मोठा मासा त्याला घड्याळ दिसत नाही. मग मी सांगितलं, फोटो काढताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशालाही वाटतोय. लगेच पाण्यात.

हे मात्र सगळ्यांना पटलं. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आता काठावर फोटो काढताना पाहिलं तर मासा धरलेला माणूस गाल फुगवून, डोळे वटारून उभा असतो. आमच्या मंडळाचे सगळे फोटो असेच आहेत. बाहेरच्यांना वाटतं, या लोकांना माशाची भीती वाटते.

यात सगळ्यांत बेजार झाले गव्हाणे. बिडीमुळं त्यांचा दम फार टिकत नाही. मासा उचलला, कॅमेरा रोखला, की यांचा श्वास संपलाच. फोटोत कधी नुसती शेपटी, कधी नुसता शिंतोडा. सलीमभाई म्हणाले, "गव्हाणे, तुमचा मासा सगळ्यात नशीबवान."

"बिडी सोडू का मग?" गव्हाणेंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "माशाचं बघायचं तर नका सोडू."

 पहिल्यांदाच ते माझ्या एका वाक्यावर हसले.

* * *

आप्पांची एक पद्धत होती, ती माझ्या शिक्षणात कुठं बसत नव्हती. ते शर्टाच्या खिशात हळदीची डबी ठेवत. मासा सोडण्याआधी ओठाला गळ लागला तिथं चिमूटभर हळद लावत. मी सांगितलं, "आप्पा, पाण्यात गेला की हळद धुतली जाते. आणि तेवढा वेळ तो बाहेर राहतो."

"मला ठाऊक हाय."

"मग?"

"पोरी, आपण त्याला दुखावलंय. काहीच न करता कसं सोडायचं?"

मी नियमाचं पुस्तक पुढं केलं. पाण्याबाहेर एवढं थांबायचं नाही. आप्पांनी वाद घातला नाही. पुढच्या वेळेपासून ते मासा पाण्यातच ठेवून, वाकून, पाण्याखाली हळद लावू लागले. पिवळा धूर पाण्यात पसरायचा आणि विरून जायचा. माशाला काही उपयोग नव्हता. मी गुण कापू शकले नाही, कारण नियम मोडत नव्हता.

* * *

हा किस्सा पावसाळ्यातला. स्पर्धा नव्हती, गव्हाणे एकटेच गेले होते. काठाच्या गवतात त्यांना पाण्यावर लाल थवा दिसला, कुंकू सांडावं तसा. मरळ माशाची पिल्लं अशी एकत्र वर येतात, श्वास घ्यायला. त्यांच्याखाली बाप असतो, राखणीला. थव्याजवळ काहीही टाका, बाप त्यावर तुटून पडतो. भुकेमुळं नव्हे, पिल्लांवर कुणी आलं म्हणून. गळवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, आणि म्हणूनच मरळ थव्यावर धरायला सोपा.

गव्हाणेंनी धरला. सोडायचा नियम स्पर्धेपुरता, त्यामुळं त्यांनी तो पिशवीत टाकला. नंतर काय झालं ते कौसाबाईंनी त्यांच्या होडीतून पाहिलं आणि आम्हाला सांगितलं.

दुपारपर्यंत गव्हाणे तिथून हलले नाहीत. पिल्लं वर आली की पाणकावळे झेपावत होते, खालून दुसरे मासे उसळत होते. गव्हाणे गुडघाभर पाण्यात उभे राहून शेळ्या हाकायच्या काठीनं पाणी बडवत होते. हैक, हैक करत होते. कौसाबाईंनी होडी जवळ नेली.

"गव्हाणे, काय करायलात?"

"राखायलोय," गव्हाणे म्हणाले.

"किती दिवस राखताल?"

गव्हाणेंनी काठी पुन्हा पाण्यावर हाणली. संध्याकाळी लाल थवा दिसेनासा झाला होता.

पुढच्या बैठकीत, पावसाळ्यात गळ पूर्ण बंद असा ठराव आला. मी मांडणारच होते. माझ्याआधी गव्हाणे उभे राहिले आणि म्हणाले, "पाऊस पडल्यापास्नं पोळ्यापर्यंत कुणी काठी बाहेर काढायची न्हाई. कारण इचारू नका." ठराव तसाच पास झाला.

* * *

एका वर्षी बक्षीस समारंभाला मोठे पाहुणे बोलावले. नाव सांगत नाही, पण ते आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि स्पर्धा कधीच संपली होती. उन्हाचा त्रास माशांना होऊ नये म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळीच संपवतो. पाहुण्यांबरोबर फोटोग्राफर होता. पाहुण्यांनी बाह्या सरसावल्या.

"बोला, मोठा मासा कुठंय?"

 सलीमभाई माझ्याकडं बघायला लागले, मी नियमाकडं. आप्पा पुढं झाले, हात जोडले आणि अगदी आदरानं म्हणाले, "साहेब, ते आपापल्या घरी गेले. तुमाला उशीर झाला."

पाहुण्यांनी रिकामी मोजपट्टी हातात धरून फोटो काढून घेतला. श्वास मात्र रोखला नाही.

* * *

आता मागच्या थंडीतली स्पर्धा.

मला एक गोष्ट कधीपासून टोचत होती. मासा हातातून निघून गेला म्हणजे जगला, असं आम्ही धरून चाललो होतो. पण दमलेला मासा निघून जातो आणि खाली तळाशी जाऊन रात्रीतून मरतोही. गळ खोल लागला असेल तर अधिकच. आमचे सगळे नियम त्या एका क्षणावर उभे होते. पुढचं कुणी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, यंदा हापा लावू. हापा म्हणजे बारीक जाळीचा पिंजरा, मच्छरदाणी उलटी करून पाण्यात बुडवावी तसा. कौसाबाईंची संस्था त्यात लहान पिल्लं वाढवते. धरलेले मासे दिवसभर तिथं सोडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं, आणि मग मोकळे करायचे. कोणता मासा कुणाचा हे कळायला शेपटीच्या देठाला सैल दोरा. आप्पांचा पांढरा, गव्हाणेंचा लाल, सलीमभाईंचा निळा, असा प्रत्येकाचा वेगळा. ज्याचा मासा मरेल त्याचे गुण कापायचे.

बैठकीत आप्पांना हे पटलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "गेला म्हंजे गेला. त्याच्या मागं त्याच्या घरापर्यंत कशाला जायचं?"

"खरं काय ते कळायला नको का आप्पा? नाहीतर आपणही माइकवरून टाळ्या घेणारेच झालो."

सलीमभाईंनी मला डोळ्यानं खुणावलं, थांबा. मी थांबले नाही. मरणाऱ्या माशांबद्दल जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं. गव्हाणे म्हणाले, "मॅडम, बास की आता. माणूस काय म्हणायलाय ते ऐका." आप्पांनी हातानं त्यांना थांबवलं.

"तिचं बरोबर हाय," आप्पा म्हणाले, आणि हापा लावण्यासाठी सगळ्यांत आधी हात त्यांनीच वर केला. मग माझ्याकडं वळले. "माझा मेला तर मला सांगायचं. लपवायचं न्हाई. मी काठी कायमची ठेवून घरी जाईन. राग न्हाई."

दोऱ्यांची रिळं त्यांच्याच दुकानातून आली.

स्पर्धेच्या दिवशी मी स्वतः दोरे बांधले. साधी दुहेरी गाठ, टोकं थोडी लांब सोडलेली, म्हणजे नंतर सोडायला सोपी. मासे चांगले लागत होते. दुपार व्हायच्या आत आप्पांना एक रोहू लागला. त्यानं गळ खोल गिळला होता. आप्पांनी पाण्यातच ठेवून हलक्या हातानं काढला, पण डाव्या कल्ल्याशी चीर पडली आणि पाण्यात रक्ताची एक रेघ उमटली. आप्पांनी ती पाहिली. मीही पाहिली. पलीकडं गव्हाणे गळाला चारा लावत होते, त्यांचे हात थांबले.

मी पांढरा दोरा बांधला. रोहू हाप्यात गेला, थोडा कलला, मग सरळ झाला. आप्पांनी त्यानंतर गळ टाकलाच नाही. काठावर बसून हाप्याकडं बघत राहिले. संध्याकाळी मुलगा न्यायला आला तेव्हा म्हणाले, "सकाळी उजाडताच यायचंय."

गव्हाणे म्हणाले, "तुमी निवांत या आप्पा. मला शेळ्यांमुळं पहाटे उठायची सवयच हाय. मी येतो आधी. कौसाबाई होडी देतील. पाणकावळे जाळीवर बसत असतेत, ते बघतो."

सकाळी मी आणि आप्पा जीपनं पोचलो, जिंतूरहून सलीमभाईही आले, तेव्हा गव्हाणे काठावर बिडी ओढत बसले होते. पँट कमरेपर्यंत ओली होती. कौसाबाई होडीत उभ्या होत्या, दुसरीकडं बघत.

"एक गेला," गव्हाणे म्हणाले. "माझा."

कौसाबाईंनी हापा वर ओढून घेतला. बाकी सगळे मासे तडफडत, जाळीला धडका देत होते. एकच पोट वर करून पडला होता. रोहू. शेपटीला लाल दोरा.

मी तो हातात घेतला. डाव्या कल्ल्याशी चीर होती.

दोऱ्याला माझी गाठ नव्हती. दोरा स्वतःभोवतीच पाच-सहा वेढे देऊन, ओलवून, घट्ट ओढलेला, टोक अगदी जवळून दातानं तोडलेलं. गळाला तंगूस बांधतात ती गाठ. हाप्यात दुसरा एक रोहू होता, चांगला चपळ, त्याच्या शेपटीचा पांढरा दोराही तसाच बांधलेला.

आप्पा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा लावला. मासा माझ्या हातातून घेतला, कल्ला अंगठ्यानं उचलून पाहिला. मग दोरा पाहिला. दोरा पाहायला त्यांना कल्ल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"पोरी, दोरे तूच बांधलेस ना सगळे?"

गव्हाणेंनी बिडी पायाखाली विझवली.

"हो आप्पा," मी म्हटलं. "काल मीच बांधले."

"कुणाचा म्हणून लिहायलीस?"

मी पंच आहे. हातात पेन होतं. "एक मेला," मी म्हटलं. "लाल दोरा. गव्हाणेंचा."

आप्पांनी मान हलवली. चष्मा काढून खिशात ठेवला. ठरल्याप्रमाणं मेलेला मासा संस्थेचा होता, म्हणून ते कौसाबाईंना म्हणाले, "बाई, हा मला देता का?"

"घ्या," कौसाबाई म्हणाल्या.

बाभळीखाली माती मऊ होती. आप्पा धोतर खोचून बसले आणि हातांनीच उकरायला लागले. गव्हाणे काही वेळ बघत राहिले, मग खुरपं घेऊन समोर येऊन बसले.  खड्डा झाल्यावर आप्पांनी मासा त्यात ठेवला. स्वतःच्या कपाळावरची विभूती बोटानं पुसून घेतली आणि त्याच्या डोक्याला लावली.

मी आणि सलीमभाई उभे होतो. कौसाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

"गव्हाणे," आप्पा म्हणाले, "मासा तुमचा हाय. पहिली माती तुमी द्या."

गव्हाणेंनी मूठभर माती घेतली. लगेच टाकली नाही. टाकली तेव्हा मूठ पार खड्ड्यापर्यंत नेऊन, सावकाश उघडली. त्यानंतर आप्पांनी टाकली.

उठताना गव्हाणेंनी खाली बघतच विचारलं, "आप्पा, पुढच्या रविवारी येताव ना?"

आप्पा जीपकडं गेले. मला वाटलं, आता घरी निघाले. ते पाण्याचा तांब्या घेऊन परत आले.

"मेला तो तुमचा," आप्पा म्हणाले. "मी यायचं कशाला सोडू? हात पुढं करा."

गव्हाणेंनी मातीनं भरलेले हात पुढं केले, आणि आप्पांनी त्यांवर पाणी धरलं.